टाचणी लागलेली पानं

उशीच्या अभ्र्यावर रक्त पडलं ते धाकटीला कळलंच नाही. समोर काजं करत बसलेली काजवाली ओरडली, "अगं बोट! बोट बघ तुझं!" तेव्हा कुठे तिने खाली पाहिलं. सुई बोटाच्या पेरात शिरली होती आणि या बाईसाहेब आपल्या खुशाल टाके घालत होत्या. तिने सुई उपसून काढली, बोट तोंडात घातलं आणि अभ्रा परत धुण्याच्या ढिगात टाकला. दुखलं का, असं कुणीतरी विचारलं. "नाही," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. खरंच दुखलं नव्हतं.

ताई गेल्यापासून हे असंच चाललं होतं. चहा पोळत नव्हता, चपलेत खडा गेला तरी ही तशीच चालत राही, आणि रडू म्हणाल तर त्याचा मागमूस नाही. बरं, बहीण तरी कशी? आईच्या माघारी जिने हिला न्हाऊमाखू घातलं, वेण्या घातल्या, कान धरून शाळेत नेऊन बसवलं, स्वतःचं लग्न ठरताना "धाकटी माझ्याबरोबर येणार, चालत असेल तर पुढचं बोला" असं तोंडावर सांगितलं, ती बहीण. ती गेली आणि हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. लोक काय, बोलायला मोकळेच. एक शेजारीण म्हणाली, धक्का बसलाय, होईल मोकळी. दुसरी म्हणाली, कांदे चिरून बघ. धाकटीने खरंच चिरले, हो! पाणी आलं ते कांद्याचं आलं, आणि एवढ्या कांद्यांचं आता करायचं काय म्हणून ते परतून जेवणात घेतले.

पण खरी भीती तिने कुणालाच सांगितली नव्हती. आपल्याला रडू येत नाही, म्हणजे आपलं ताईवर प्रेमच नव्हतं, ही ती भीती. नुसती सवय होती. ताई होती तेव्हा ती असण्याची, आता नाही तर नसण्याची. एवढ्या वर्षांत आपण त्या बाईच्या जिवावर जगलो आणि तिच्यासाठी दोन थेंबही आपल्याकडे निघू नयेत, असला दगड आपण कधी झालो, हे तिला समजत नव्हतं.

दोघी बहिणी कामाला एकाच ठिकाणी. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात एक शिवणखोली होती. वरच्या मजल्यांवरून फाटक्या चादरी, उसवलेले अभ्रे, नाड्या तुटलेले रोग्यांचे झगे धुऊन खाली येत आणि इथे त्यांना ठिगळं लागत. खिडक्या छताला लागून, त्यांतून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत. सकाळभर मशीनची खडखड चाले, तेव्हा बोलण्याची सोय नसे. जेवणानंतर मात्र मशीन बंद आणि हातकाम सुरू: काजं करा, नाड्या लावा, रफू करा. आणि हात चालू झाले की वाचन चालू. ताई खिडकीखालच्या उंच स्टुलावर चढून बसायची, पुस्तक उघडायची आणि म्हणायची, "हां, तर काल आपण कुठे होतो?" ती वाचत असे तोवर तिच्या वाटणीचं शिवणकाम बाकीच्या उचलत. जिचा हात रिकामा झाला तिने तिच्या ढिगातलं एक कापड ओढायचं. याचा हिशेब कुणी ठेवला नाही आणि कुणाला ठेवावासाही वाटला नाही.

कपडेखात्यावर नवे साहेब आले तेव्हा त्यांना हे बघून नवल वाटलं. माणूस वाईट नव्हता, पण हातात फाइल असली की माणसाला प्रश्न पडतात. "वाचनाचा फायदा काय होतो तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"सांगते ना," आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई खोलीतल्या सगळ्यांत जुन्या. त्यांचे केस आणि चादरी एकाच रंगाच्या झाल्या होत्या. "आधी आम्ही एकमेकींच्या सुनांना नावं ठेवायचो. आता पुस्तकातल्या सुनांना ठेवतो. भांडणं कमी झाली."

"मला बँकेतल्या माणसाशी बोलता येतं," काजवाली म्हणाली. काजं करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून ती काजवाली. "एका पुस्तकात एक वकीलबाई होती, ती खुर्ची ओढून आधी बसायची आणि मग बोलायची. मीही तेच करते. आधी बसते. काम होतं साहेब."

साहेबांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि गेले. ताई स्टुलावरून एवढंच म्हणाली, "फायदा विचारतोय! श्वास घेण्याचा फायदा काय, ते विचार म्हणावं," आणि पान उलटलं.

त्या वाचनाला एक नियम होता, आणि तो आत्याबाईंनी घालून दिलेला. वाचताना कुणी मरायचं नाही. "वर मरतात तेवढे पुरे झाले," त्या म्हणाल्या होत्या. "हातातली चादर कुणाच्या अंगाखालून आलीय ते आपल्याला ठाऊक नसतं. त्यावर पुस्तकातली मढी आणखी नकोत." आता पुस्तकं लिहिणाऱ्यांना हा नियम कोण सांगणार? ते बापडे मारतच असतात. म्हणून ताई आदल्या संध्याकाळी घरी पुढची पानं वाचून ठेवायची आणि जिथे मरण येईल तेवढी पानं टाचणीने एकत्र टाचायची. दुसऱ्या दिवशी वाचताना तिथे आली की म्हणायची, "इथे टाचणी आहे." सगळ्याजणी हातातला दोरा दाताने तोडायच्या, घटकाभर गप्प बसायच्या, आणि ताई तो सगळा गठ्ठा उलटून पुढे जायची. मरण झालेलं असायचं, फक्त वाचलेलं नसायचं. मग खोलीत बोलणं सुरू व्हायचं: त्या खडूस सासऱ्याला एकदाची टाचणी लागली बाई. बिचाऱ्या शिपायाला फार लवकर टाचणी लागली. बाहेरचं कुणी ऐकलं असतं तर त्याने कपाळाला हात लावला असता.

ताई गेली तेव्हा काजवालीच्या तोंडून निसटलंच, "आपल्या ताईला टाचणी..." आणि तिने जीभ चावली. त्यानंतर त्या खोलीत कुणी तो विषयच काढला नाही. गेली, मेली, वारली, काहीच नाही. स्टूल मात्र रिकामं होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

आणि वाचन बंद पडल्यावर खोलीची जी काय रया गेली म्हणता! कात्रीवरून भांडणं, पंख्यावरून भांडणं. आत्याबाईंनी काजवालीच्या सुनेबद्दल काहीतरी म्हटलं आणि काजवाली दोन दिवस तोंड फुगवून बसली. साहेबांनी एक रेडिओ आणून फळीवर ठेवला. भला माणूस, त्याला वाटलं आवाजच हवाय. रेडिओ बोलायचा, पण काल आपण कुठे होतो ते रेडिओला कुठे माहीत?

"तू वाच," आत्याबाई धाकटीला म्हणाल्या.

"मला नाही जमायचं."

"शिकलेली आहेस."

"शिकलेली आहे म्हणून काय झालं? नकोय मला," धाकटी म्हणाली, आणि त्यावर कुणी जास्त ताणलं नाही.

त्याच आठवड्यात भावजी, म्हणजे ताईचे यजमान, सकाळी तिच्या खोलीच्या दाराशी आले. एकाच घरात वरच्या मजल्यावर धाकटी राही, खाली ते दोघं. भावजींच्या डोळ्यांना नळच होता म्हणा ना. ताईची चप्पल दिसली की रडत, दूधवाल्याने दार वाजवलं की रडत. त्यांना रडताना बघून धाकटीला त्यांचा हेवा वाटायचा, आणि मग त्या हेव्याची लाज वाटायची. त्यांच्या हातात ताईचं पुस्तक होतं, हिरव्या कापडाचं कव्हर शिवलेलं.

"हे तिच्या उशाशी होतं," ते म्हणाले. "तुमच्या इस्पितळातल्या ग्रंथालयाचं आहे. देऊन टाक. मला तर ते बघवतही नाही."

"बरं," धाकटी म्हणाली.

ग्रंथालयाचं दार बंद होतं, कारकून जेवायला गेला होता. म्हणून ती पुस्तक बगलेत घेऊन खाली आली आणि आत्याबाईंनी ते हिरवं कापड बरोबर ओळखलं. त्यांनी हात पुढे करून पुस्तक घेतलं. मध्ये झग्याची एक पांढरी नाडी होती, म्हणजे तिथवर वाचून झालं होतं. नाडीच्या पुढे दोन ठिकाणी टाचण्या चमकत होत्या. ताईने घरी बरंच पुढचं वाचून ठेवलं होतं.

"बस स्टुलावर," आत्याबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, मी वाचेन ते लाकडासारखं वाचेन."

"लाकडासारखं वाच. आम्हाला कुठे त्यावर नाचायचंय?"

काजवालीने उठून रेडिओ बंद केला. धाकटी स्टुलावर चढली, कारण नाही म्हणायलाही थोडा जोर लागतो आणि तेवढाही तिच्यात उरला नव्हता. तिने नाडी बाजूला केली आणि वाचायला लागली.

गोष्ट दोन बहिणींची होती. नदीकाठी त्यांची पिठाची गिरणी, थोरली आणि लहानी, आणि खोकणारा म्हातारा बाप. ताईने निवडली नव्हती ती, काजवालीने निवडली होती, पुस्तक जाड दिसतंय म्हणून. धाकटी वाचायची ते गाड्यांच्या वेळा सांगितल्यासारखं. स्वल्पविराम नाही, उसासा नाही, कोण रागावलंय आणि कोण लाडात आलंय कळायची सोय नाही. पण बायकांच्या सुया पुन्हा एका चालीत पडायला लागल्या. धाकटीच्या वाटणीचे अभ्रे कुणी कधी ओढून नेले ते तिला कळलंही नाही. खाली उतरली तेव्हा तिची टोपली रिकामी होती.

पहिली टाचणी म्हाताऱ्या बापाची होती. ती अपेक्षितच होती, त्याचा खोकला आधीच वाढला होता. "टाचणी आहे," धाकटी म्हणाली. दोरे तुटले. गठ्ठा उलटला.

दुसऱ्या टाचणीशी मात्र सगळ्याजणी दचकल्या. तिच्या आधीचं वाक्य होतं, 'उजाडताच थोरलीने लहानीला स्वयंपाकघरात हाक मारली.' धाकटी थांबली, म्हणाली, "इथे टाचणी आहे." पलीकडे पहिलंच वाक्य आलं, 'त्यानंतर लहानी गिरणीत एकटीच राहू लागली.'

आता यात समजायचं काय राहिलं? थोरली गेली. धडधाकट बाई, पोती उचलणारी, आणि सकाळी उठून स्वयंपाकघरात खलास! काजवालीने पदराने नाक पुसलं. "पोरीला अशी पोरकी करून गेली," ती म्हणाली, आणि मग सगळ्यांच्या नजरा स्टुलाकडे वळल्या आणि पटकन खाली गेल्या. धाकटीने आतल्या आत चाचपून बघितलं, दात पडल्यावर जीभ त्या जागी फिरते तसं. काही नव्हतं. एक बहीण मेली, दुसरी एकटी राहिली, आणि तिचा आवाज तसाच सपाट. बघ, ती स्वतःला म्हणाली, तुझं प्रेमच नव्हतं. आणि ती पुढे वाचत राहिली.

बायकांनी त्या लहानीला मात्र पोटाशी घेतलं. तिने कसं राहावं, गिरणी विकावी की ठेवावी, समोरच्या नावाड्याशी बोलावं की नाही, यावर खोलीत वाद झडायला लागले. आत्याबाई आणि काजवाली त्या नादात पुन्हा बोलायला लागल्या. थोरलीचं नाव निघालं की सगळ्या चुकचुकायच्या. दुखवटाच होता तो, आणि खरं सांगायचं तर त्या दुखवट्यात दुसऱ्या एका थोरलीचाही वाटा होता. तिच्याबद्दल बोलता येत नव्हतं, हिच्याबद्दल येत होतं.

असं चाललं असताना एका दुपारी धाकटीने वाचलं, 'टपालवाल्याने दार ठोठावलं. थोरलीचं पत्र आलं होतं.'

काजवालीची सुई थांबली. "कुणाचं?"

"थोरलीचं."

"अगं, ती मेली ना!"

"जुनं असेल. वाटेत कुठेतरी अडकलेलं," कुणीतरी म्हणालं.

धाकटीने पुढे वाचलं. थोरलीने लिहिलं होतं की बंदराच्या गावी पोचले, कापडाच्या कारखान्यात कामाला लागले, खोलीत दोघीजणी आणखी आहेत, काल पहिला पगार झाला.

"मेलेली बाई पगार घेतेय!" काजवाली ओरडली आणि खोलीत जो काही हशा उसळला! इतके दिवस चुकचुकलो, पदर ओले केले, आणि ही बया तिकडे कारखान्यात ठणठणीत! "आपल्याला फसवलं की हो," म्हणत बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारायला लागल्या. ताई गेल्यापासून त्या खोलीत कुणी हसलं नव्हतं.

मग हसणं ओसरलं आणि आत्याबाईंनी चष्मा काढून पुसला.

"मग टाचणी कसली होती?" त्या म्हणाल्या.

"चुकून लावली असेल."

"ताई? चुकून?" आत्याबाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत तिची एक टाचणी चुकली नाही. काढ गं ती. वाच काय आहे ते."

त्या खोलीत लावलेली टाचणी आजवर कुणी काढली नव्हती. धाकटीने मागची पानं उलटली. शिवणकामाचीच टाचणी होती, थोडी वाकलेली. तिने ती काढून मुठीत धरली आणि आपल्या त्याच लाकडी आवाजात वाचायला लागली.

'थोरली म्हणाली, मी निघतेय, तर सगळं नीट बघून घे. काड्यापेटी चुलीपाशी ठेवू नकोस, वाफेने सर्दते. खिडकीत ठेव. मागच्या दाराची कडी आधी वर उचल, मग ओढ, नाहीतर लागत नाही. पीठ चाळल्याशिवाय डब्यात भरायचं नाही. लहानी म्हणाली, मला माहीत आहे गं सगळं. थोरली म्हणाली, माहीत असू दे. आणि मीठ वरच्या फळीवर आहे. तिथे तुझा हात पोचत नाही, इतके दिवस मी काढून देत होते. आता स्टूल घेत जा.'

एवढंच. बाकी त्या पानांवर बोचकं बांधणं आणि होडी सुटणं. कुणी मेलं नव्हतं. साधं मीठ कुठे ठेवलंय ते सांगितलं होतं, आणि ताईला ते टाचावंसं वाटलं होतं.

धाकटीने ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला घेतलं आणि तिला ताईचे शेवटचे दिवस आठवले. पित्त झालंय, पित्त झालंय म्हणत ताई घरभर हिच्या मागे लागली होती. गॅसची नळी अशी बघायची. पाण्याची टाकी भरली की हा आवाज येतो. भावजींच्या गोळ्या या डब्यात, सकाळची पांढरी, त्यांना स्वतःला आठवत नाही. छत्री दुरुस्त करणारा पुलाखाली बसतो. धाकटी वैतागून म्हणाली होती, "मी काय कुक्कुलं बाळ आहे का ताई?" आणि ताई म्हणाली होती, "नाहीस गं. तरी बघून ठेव."

तिला माहीत होतं. डॉक्टरांनी घरच्यांना सांगायच्या कितीतरी आधी ताईला माहीत होतं. ती रोज धाकटीला मीठ दाखवत होती, आणि संध्याकाळी पुस्तकात तेच मीठ पुढ्यात आल्यावर आपल्याला हे धाकटीसमोर मोठ्याने वाचता यायचं नाही, हे तिला कळलं होतं. म्हणून ती टाचणी. मरणासाठी ठेवलेली टाचणी तिने या मिठाला लावली होती.

"आता स्टूल..." धाकटीने वाचलं, आणि आवाज पुढे सरकेना. तिने खाकरून पाहिलं. पुन्हा म्हणाली, "तुझा हात पोचत नाही," आणि तिच्या घशातून असा काही आवाज निघाला की काजवाली जागची उठली. मुठीतली टाचणी तळव्यात रुतली होती. दुखत होतं. कधीपासून रुतली होती कोण जाणे, पण आता जीव जाईल असं दुखत होतं.

दार ढकलून साहेब आत आले. हशा ऐकून आले होते, आणि पाहतात तर सगळ्या बायका डोळे पुसतायत. "काय झालं? कोण गेलं?" ते घाबरून म्हणाले.

"कुणी नाही साहेब," काजवाली रडत म्हणाली. "मीठ वरच्या फळीवर आहे."

साहेब, देव त्यांचं भलं करो, आणखी काही न विचारता दार ओढून घेऊन गेले.

"आत्याबाई," धाकटी म्हणाली, "आमच्या ताईचं नाही हो पत्र यायचं. ताई मेली. मेली हो माझी ताई."

ताईबद्दल त्या खोलीत तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला होता. कुणी तिला गप्प केलं नाही, कुणी पाणी आणायला धावलं नाही. धाकटी पुस्तक पोटाशी धरून स्टुलावर बसल्या बसल्या हुंदके देत राहिली, आणि मध्येच एकदा उतरायला लागली, कारण समोर तिची टोपली अभ्र्यांनी भरलेली होती आणि वाचणं तर थांबलं होतं.

आत्याबाईंनी टोपली आपल्याकडे ओढली, वरचा अभ्रा उचलून काजवालीच्या मांडीवर टाकला, दुसरा स्वतः घेतला आणि सुईत दोरा ओवला.

"बस तिथेच," त्या म्हणाल्या. "रडून घे सावकाश. तुझ्या वाटणीचं आम्ही शिवतो."